घरच्यांची भवानी

नवीन पनवेल
२० ऑगस्ट २०२५

ती. आशाआत्या,

साष्टांग वगैरे. फोनवर मी नुसतं हं हं करतो म्हणून तू पत्राचा हुकूम काढलास. टपालाचं नाही, मेलवरचं आहे, पण लांबीला कमी पडणार नाही.

तू विचारलंस, "खेळ तयार झाला म्हणतोस, मग घोडं अडलंय कुठे?" सांगतो. खेळाचं नाव 'उतारू'. नदीवर पूल व्हायच्या आधीचा काळ. खेळणारा म्हणजे नावाडी. एकेक उतारू होडीत बसतो, आपली गोष्ट सांगतो, आणि ती ऐकत ऐकत होडी सांभाळून त्याला पलीकडे न्यायचं. माणसं आपल्या आपटा गावाच्या आसपासची आणि आवाजही त्यांचेच, मी जाऊन जाऊन रेकॉर्ड केलेले. वीटभट्टीवर काम करणारी हौसाबाई आहे. तिला तिचाच आवाज ऐकवला तर म्हणाली, "ह्यो आवाज माजा हाय? नाय रं, मी अशी बोलतच नाय!" आणि जी हसत सुटली, तेही मी खेळात घेतलं.

आता अडचण. हे सगळे आवाज आणि हातानं रंगवलेली चित्रं मिळून खेळ झाला तीन जीबीचा. आवाज दाबून लहान केले तर हौसाबाईचं हसणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं. ते मी करणार नाही. खेळ इंटरनेटवर माझ्या पानावर ठेवलाय. तिथून कोणी तो उतरवून घेतला की तेवढा तीन जीबी माल माझ्या सर्व्हरमधून बाहेर जातो. त्या मालाच्या ये-जा करण्याला बँडविड्थ म्हणतात आणि ती महाग असते. मोठ्या कंपन्या प्रत्येक जीबीमागे पैसे लावतात. खेळ फुकट आणि बिल माझ्या नावावर, असा तो धंदा. खेळांच्या मोठ्या ऑनलाइन दुकानांत ठेवावा तर तिथे रोज इतके नवे खेळ येतात की माझा दुपारपर्यंत तळाला. म्हणून मी पानाला जागा देणारी एक स्वस्तातली कंपनी धरलीय. जाहिरातीत 'अनलिमिटेड', आणि खाली मुंगीच्या अक्षरांत 'वाजवी वापर'. वाजवी म्हणजे किती, हे विचारलं की त्यांचा माणूस "आपला दिवस आनंदात जावो" म्हणून फोन ठेवतो.

जुन्या ऑफिसातल्या निशा मॅडमनी माझी जागा दसऱ्यापर्यंत अडवून ठेवलीय. मी स्वतःशी ठरवलंय: ज्यांना माझं तोंडही माहीत नाही अशा माणसांनी तोवर खेळ घेतला आणि खेळला, तर हेच करत राहायचं. नाहीतर मुकाट्यानं नोकरी. आत्तापर्यंत तीसेक जणांनी घेतलाय, त्यातले निम्मे मित्र.

तुझ्या धाकट्या भावाचं विचारशील, तर राजीनामा दिल्यापासून बाबा माझ्याशी बोलत नाहीत. आपट्याला जातो तेव्हा समोर बसून आईला सांगतात, "त्याला भात वाढ." खेळाची लिंक त्यांनाही पाठवली होती. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

तुलाही लिंक खाली देतोय. पण दाबू नकोस, खेळ फोनवर चालत नाही, कॉम्प्युटरच लागतो.

तुझा,
अपूर्व

*

मिरज
२३ ऑगस्ट

चि. अपूर्व,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहायला लावू नकोस.

तुझं ते 'अनलिमिटेड' प्रकरण मला पक्कं समजलं. आमच्या स्टेशनरोडला एक खाणावळ आहे, तिथेही पाटीवर हेच लिहिलंय. तुझ्या काकांनी तिसऱ्यांदा बासुंदी मागितली तेव्हा मालक स्वतः येऊन उभा राहिला. नाव मोठं, लक्षण खोटं.

हौसाबाईच्या हसण्याला हात लावू नकोस, हे मात्र बरोबर. माणसाचं हसू कुणी दाबून लहान करतं का?

कमलाकरचं मनावर घेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, कारण तू घेणारच. तो लहानपणापासून असाच. त्याला राग आला की तो बोलत नाही, आणि आनंद झाला तरी बोलत नाही, त्यामुळे आमची आई दोन्ही वेळा त्याला सुंठेचा काढा द्यायची. पण तीसच माणसं? इतकी मेहनत करून? माझा जीव तुटला वाचून. आपल्या घराण्यात आजवर कुणी काही केलं आणि त्याची भवानी घरच्यांनी केली नाही, असं झालेलं नाही. वेणूवहिनीनं मसाले काढले, पहिली पाकिटं घरच्यांनी घेतली. सत्तर वर्षांच्या अण्णांनी कवितांचं पुस्तक छापलं, तेही घेतलं. वाचलं नाही कुणी, पण घेतलं.

असो. तू तुझं काम कर. दसऱ्याला अजून अवकाश आहे आणि मी अजून जिवंत आहे.

तुझी,
आशाआत्या

*

नवीन पनवेल
५ सप्टेंबर

आत्या!

कसं लिहू तेच कळत नाहीये. गणपतीच्या दुसऱ्या दिवसापासून 'उतारू' उचलला जातोय. आधी दिवसाला दोन-तीन, मग शंभर, मग त्याच्याही वर. मी सकाळी उठून पान उघडतो आणि आकडा बघून चहा विसरतो. मिरज, सातारा, बडोदा, इंदूर, अगदी दुबईसुद्धा! मला तिथलं कुत्रं ओळखत नाही. कुणीतरी कुठेतरी खेळाबद्दल चांगलं लिहिलं असणार. कुठे ते मला सापडत नाहीये, पण लिहिलंय नक्की.

आणि काल दुपारी कंपनीनं माझं पान बंद केलं. 'वाजवी वापराची मर्यादा ओलांडल्यामुळे खाते स्थगित.' बासुंदीवाला मालक येऊन उभा राहिला बघ. आता कुणी खेळ घ्यायला आलं तर त्याला कोरं पान दिसतं. ऐन बहरात दुकानाला कुलूप.

पण मी मार्ग काढलाय. एक मोठा सर्व्हर मिळतोय, पूर्ण आपल्या एकट्याचा, कितीही माल बाहेर जाऊ दे, कुणी विचारणार नाही. फक्त वर्षाचे पैसे एकदम भरावे लागतात. नोकरीतला माझा प्रॉव्हिडंट फंड निघालाय तो जवळजवळ सगळा जाईल. पण एवढी माणसं दाराशी उभी असताना हात आखडता घ्यायचा का? सोमवारी करार करतोय. निशा मॅडमनाही त्याच दिवशी नाही म्हणून कळवतो.

आईला सांगितलं. तिनं स्पीकर लावला होता. मागे बाबांच्या खुर्चीची करकर चालूच राहिली, म्हणजे ते उठून गेले नाहीत, बसून राहिले. माझ्यासाठी तेही खूप आहे.

तुझा,
आनंदानं खुळावलेला अपूर्व

*

मिरज
६ सप्टेंबर

अपूर्व,

सोमवारी करार करू नकोस. आधी हे पूर्ण वाच. फोन करणार होते, पण मला तुझा आवाज ऐकवला नसता.

ती माणसं आपली आहेत, बाळा. दुबईची ती माझ्या पुतणीची जाऊ आहे. बडोद्याला अण्णांचं बिऱ्हाड. इंदूरला माझ्या नणंदेच्या सासरचा गोतावळा. मी कुळाच्या ग्रुपवर लिहिलं, "आपल्या कमलाकरच्या अपूर्वनं खेळ केला आहे. प्रत्येकानं उतरवून घ्यावा. घरटी एक नव्हे, माणशी एक." मग भजनी मंडळात टाकलं. सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांना बाकावर बसवून माझ्यासमोर दाबायला लावलं. इथल्या गणपतीत आरती झाली की खिरापतीबरोबर लिंक दिली, तिला नाही म्हणायची कुणाची हिंमत?

फोनवर चालत नाही हे तू लिहिलं होतंस. मी वाचलं होतं. पण मला वाटलं, चालायचं कुणाला आहे? भवानी करायची आहे. अण्णांचं पुस्तक तरी कुठे कुणी उघडलं? बरं, लोकांनी एकदाच दाबावं की नाही! वेणूवहिनीला काही उघडेना म्हणून तिनं परत परत दाबलं, शेवटी फोन भरला आणि नातवाच्या बारशाचे फोटो काढून टाकावे लागले. तरी ती रागावली नाही. म्हणाली, "अपूर्वसाठी आहे ना, मग जाऊ देत."

मला फक्त आकडा वाढवायचा होता. वाटलं, आकडा बघून तुला उभारी येईल आणि कमलाकर दोन शब्द बोलेल. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. तुझं दुकान मीच बंद पाडलं, आणि वर तू त्या आकड्यावर फंड उधळायला निघालास. मी गप्प राहिले असते तर तुझा आनंद आणखी थोडे दिवस टिकला असता, पण मग तू वर्षभर रिकाम्या सर्व्हरचं भाडं भरत बसला असतास. ते मला बघवणार नाही.

मला काय बोलायचं ते बोल. पण करार करू नकोस.

आत्या

*

मिरज
१४ सप्टेंबर

अपूर्व,

आठवडा झाला. फोन उचलत नाहीस, मेलला उत्तर नाही. तुझी आई म्हणाली जेवतोयस, म्हणून मी निदान झोपते तरी.

मी ग्रुपवर कळवलंय की आता कुणी काही दाबायचं नाही. सगळ्यांना वाईट वाटलं. अण्णांनी विचारलं, "मुलानं मनाला लावून घेतलं का?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू?

रागव, पण ऐकू येईल असं रागव.

आत्या

*

नवीन पनवेल
१९ सप्टेंबर

आत्या,

रागावलो होतो. पहिले दोन-तीन दिवस तर तुझं नाव फोनवर दिसलं की फोन उशीखाली घालायचो. आकडा खोटा निघाला याचा राग कमीच होता. मी इतका मूर्ख कसा, याचा जास्त. कुळाच्या ग्रुपवर मीही आहे! तो गेल्या दिवाळीत शुभेच्छांना कंटाळून कायमचा बंद करून ठेवला होता, म्हणून तुझा निरोप दिसलाच नाही. मिरज, सातारा, बडोदा, इंदूर, ही सगळी माझ्या मुंजीची यादी आहे, हे एखाद्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला वाटलं, जगानं दाद दिली.

करार केला नाही. तू वेळेवर लिहिलंस, त्याबद्दल तुझे पाय धरतो. मनापासून सांगतोय.

मग सत्यजीत आला. खारघरला राहतो, माझ्याच बॅचचा, सर्व्हरचंच काम करतो. त्यानं आधी मला जेवायला लावलं आणि मग माझ्या पानाची उलटतपासणी केली. म्हणाला, "तू एक पोतं दारात ठेवलंयस आणि येणाऱ्याला म्हणतोस, सगळं उचल नाहीतर चालू पड. पहिल्या उतारूशी बोलायला बाकीच्यांचे आवाज आधीच कशाला हवेत?" खरंच की. आम्ही खेळाचे तुकडे केले. आधी फक्त होडी, नदी आणि पहिला उतारू. तो पार झाला की पुढचा आपोआप येतो. आवाज होते तसेच, एकालाही दाबलं नाही. साधं पान स्वस्तातल्या जागी, आणि हे तुकडे एका वेगळ्या साठवणीत ठेवले, जिथे ठेवण्याचे पैसे लागतात पण बाहेर जाणाऱ्या मालाचे लागत नाहीत. अशी जागा असते हे मला इतके महिने शोधून सापडलं नव्हतं, कारण मी 'अनलिमिटेड' हाच शब्द शोधत बसलो होतो. आता महिन्याचा खर्च आपल्या दोघांच्या मिसळीइतका येतो.

तुकड्यांमधून दुसरी गोष्ट कळायला लागली. दुसरा तुकडा कुणी उतरवला, म्हणजे त्यानं पहिला उतारू खरोखर पार केला. आता कोण खेळतंय ते दिसतं.

आणि जुनी नोंद काढून त्यातले फोन वजा केले. खेळ कॉम्प्युटरवरच चालतो, तेव्हा फोनवाले म्हणजे तुझी सेना. उरले मूठभर. मित्र काढले तर आणखी कमी. हाच माझा खरा आकडा आहे आत्या, आणि तो बघून मी निशा मॅडमना काय कळवायचं ते जवळजवळ ठरवलंय. दसऱ्याच्या आधीच हो म्हणून टाकेन. वाईट वाटतंय, पण ते खरं आहे आणि माझं मलाच पेललं पाहिजे.

एक गोष्ट मात्र कळत नाही. त्या जुन्या नोंदीत एक कॉम्प्युटर आहे. अगदी ऑगस्टपासून, म्हणजे तुझ्या सेनेच्या आधीपासून, रोज संध्याकाळी तो खेळ उतरवायला घेतो आणि अर्ध्यावर तुटतो. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. पान बंद होतं त्या दिवसांतही तो येऊन बघून जायचा. नवं पान सुरू झालं, त्याच संध्याकाळी त्यानं पहिला तुकडा पूर्ण उतरवला. काल दुसरा. इतकं चिकट माणूस आपल्यात कोण आहे? तुझ्याच कुणाचं काम असेल तर सांगून टाक. मला परत खुळं व्हायचं नाही.

तुझा,
अपूर्व

*

मिरज
२२ सप्टेंबर

चि. अपूर्व,

'तुझा' लिहिलंस ते वाचून मी चष्मा काढून ठेवला. बाकीचं नंतर वाचलं.

तो कॉम्प्युटरवाला माझा नाही. देवाशप्पथ नाही. मी ग्रुपवर विचारलं, फोन करकरून विचारलं. आपली माणसं प्रेमळ आहेत, पण चिकट नाहीत. एकदा दाबतील, दोनदा दाबतील, नंतर जेवायला बसतील. महिनाभर रोज संध्याकाळी तुटलेलं परत जोडत बसणारा आपल्यात कुणी नाही.

म्हणजे बघ, तुझ्या अटीत बसणारा एक तरी आहे. एकावर नोकरी सोडता येत नाही हे मलाही कळतं. पण दसऱ्याच्या आत हो म्हणू नकोस. तारीख मॅडमनी दिलीय ना, मग शेवटच्या दिवशी कळव. बाकी मी यात पुन्हा लुडबुड करणार नाही. इथे नवरात्र बसलं, भोंडल्याला बायका जमतात, हातात फोन असतात, आणि मी तोंडाला कुलूप लावून खिरापत वाटते. किती जड जातंय ते माझं मला माहीत.

आशाआत्या

*

आपटा
२८ सप्टेंबर

चि. अपूर्व यास,

तुझा मेलचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. ताईचा काल फोन आला होता. बरंच बोलली, नेहमीप्रमाणे. ग्रुपवरचे तिचे उद्योग मला तेव्हाच कळले. मी तो निरोप उघडला नव्हता, कारण तुझी लिंक माझ्याकडे आधीच होती. तू पाठवलेली.

इथे रेंजची स्थिती तुला ठाऊक आहे. तुझा जुना लॅपटॉप घेऊन संध्याकाळी गच्चीच्या कोपऱ्यात बसतो, तिथे बरी येते. दिवसाचा डेटा संपला की उतरवणं तुटायचं. दुसऱ्या दिवशी परत सुरुवातीपासून. तुझ्या आईला सांगितलं होतं की पेन्शनचं काम आहे. नंतर तू तुकडे केलेस, ते बरं केलंस. ते आधी सुचायला हवं होतं.

हौसाला मी ओळखतो. आपली ओटी बांधली तेव्हा तिनं विटा वाहिल्या होत्या. ती इतकं बोलते हे मला माहीत नव्हतं, कारण मी कधी विचारलं नाही. तिच्यानंतर मास्तर होडीत बसतात, त्यांची गोष्ट ऐकून मी पुन्हा मागे गेलो आणि पुन्हा ऐकला. तुझी आई म्हणते, मी एकटाच हसत होतो. असेन.

नदी बरीचशी खरी काढली आहेस. फक्त वळणावर पाणी बाहेरच्या काठाशी जोरात असतं, तू आतल्या काठाशी दाखवलं आहेस. पाणीपुरवठा खात्यात माझी सगळी नोकरी झाली, एवढं मला कळतं. दुरुस्त करून घे.

आता मुद्द्याचं. नवरीकडची मंडळी होडीत बसतात आणि त्यांच्याबरोबर तो पाटा-वरवंटा येतो, तिथे मी अडकलो आहे. पाटा पुढे ठेवला तर होडीचं नाक बुडतं. मागे ठेवला तर नवरीची आत्या उठून भांडायला लागते आणि होडी कलते. या आत्याचा आवाज हौसाचा असला तरी स्वभाव ताईचा आहे, हे मी ओळखलं. मी पुष्कळदा बुडालो. काल तर काठापासून हातभर अंतरावर. रात्रभर डोक्यात तेच.

तू राजीनामा दिलास तेव्हा मी घाबरलो होतो. मला ते घाबरणं रागासारखंच दाखवता येतं, दुसरी रीत कधी शिकलो नाही. तू कशासाठी नोकरी सोडलीस ते बघावं, म्हणून उतरवायला घेतलं. बघितलं. काम चांगलं आहे. हे समोर म्हणायला हवं होतं, ते दसऱ्याला येशील तेव्हा म्हणेन.

नोकरीचं काय करायचं ते तू ठरव, मी काही सांगणार नाही. पण ताईला तू जी अट सांगितली होतीस, अनोळखी माणसानं खेळायला हवं अशी, ती तिनं मला ऐकवली. गेल्या वर्षभरात आपण दोघं किती ओळखीचे होतो, याचा तूच विचार कर, आणि मला त्यात मोजायचं की नाही ते सांग.

त्या मॅडमना काय कळवायचं ते कळव. त्याआधी पाटा कुठे ठेवायचा ते मला कळव. घाई नाही. पण मी आत्ता नदीच्या मधोमध आहे आणि नवरीची मंडळी ओरडतायत, तेव्हा संध्याकाळच्या आत कळव.

बाबा